सुट्टीतला भाकरीचा वर्ग: भाकरीसाठी पाठवा, वाकळीसाठी नको

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांना खालचं वाचायला नको. पोरांना पाठवा. म्हणजे फक्त पोरींना नाही, पोरांनाही. भाकरी आणि धान्य निवडणं-पाखडणं एवढ्यावरच पैसे वसूल होतात. चटणीचा भाग ठीक. वाकळीचा, म्हणजे गोधडीचा, भाग नुसता देखावा आहे, तो त्यांनी सुधारावा नाहीतर सरळ बंद करावा.

जुळे सोलापूर भागात कडक भाकऱ्या करून विकणारा बायकांचा एक बचत गट आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याच शेडमध्ये ते आठवडाभराचा वर्ग घेतात. गटाचं नाव आणि नंबर इथे देत नाही, कारण शिकवणाऱ्या मावशींनीच बजावलंय, "फोन घेता घेता तव्यावरची करपतीय, अजून फोन नकोत." ज्यांना हवं आहे त्यांनी त्या बाजूच्या किराणा दुकानात विचारावं. दुकानात कडक भाकरीची पाकिटं असली की दुकानदाराला सगळं माहीत असतं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायच्या टेबलावर असतो. दोष आधी दिसतो आणि चांगलं नंतर, ही धंद्याची सवय. तेव्हा माझी तक्रार थोडी वजा करून वाचा, स्तुती मात्र पूर्ण धरा.

भाचा-भाची पुण्याहून सुट्टीला आले होते. मागच्या वर्षी त्यांना एका मोठ्या उन्हाळी शिबिरात घातलं होतं. तिथला 'परंपरा दिवस' म्हणजे रंगवलेलं जातं, डोक्याला फेटे, जात्याचा खुंटा धरून फोटो, आणि जात्यात दाणा नाही. फी मात्र दणदणीत. त्यामुळे या वर्गाबद्दल मला फार आशा नव्हती, आणि खरं तर पहिल्या सकाळी मी शेडच्या दारात उभा राहिलो तो परत घेऊन जायच्या तयारीनेच.

मावशींनी भाकरी करून दाखवली ती एकदाच, आणि तीही न बोलता. मग प्रत्येकापुढे परात, पीठ, आधणाचं पाणी, आणि "करा की आता." गव्हात ग्लूटेन असतं म्हणून कणीक धरून राहते. ज्वारीत ते नाही. म्हणून पीठ उकळत्या पाण्याने भिजवायचं आणि तळहाताच्या टाचेने रगडायचं. एवढं मोबाईलवरही कळतं. किती रगडायचं ते मात्र हातालाच कळावं लागतं. भाच्याने चार हात मारले, उंडा केला, थापायला घेतला, आणि कड फाटली. मावशी म्हणाल्या, "मोड. परत मळ." परत फाटली. "मोड." तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. त्यानंतर त्याने जे रगडायला घेतलं ते कपाळाला घाम येईपर्यंत, आणि त्या उंड्याची कड धरली.

थापताना उजव्या हाताची बोटं सपाट आणि थाप हलकी हवी. डाव्या हाताची बोटं कडेला टेकलेली हवीत, म्हणजे कड बाहेर पसरत नाही आणि भाकरी गोल राहते. थाप बसली की भाकरी परातीत आपसूक जराशी सरकते, आणि अशी सरकत सरकतच ती सगळीकडून सारखी पातळ होते. भाचीची सरकेना, म्हणून ती बोटांनी ढकलायला लागली आणि मध्ये भोक पडलं. मावशींनी तिचा हात धरला नाही. फक्त म्हणाल्या, "ढकलू नको गं, खाली पीठ घाल." चिमूटभर पीठ गेलं आणि भाकरी फिरायला लागली. भाचीने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. हात धरून करवून घेतलं असतं तर भाकरी गोल झाली असती, पण पोरीला कारण कळलं नसतं. शिकवण्याची ही रीत मला या वर्गात सगळ्यात जास्त पटली.

तव्यावरचा भाग तर आणखी बारीक. पीठ लागलेली बाजू वर ठेवायची, तिच्यावर हाताने पाणी फिरवायचं, आणि पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायची. उशीर झाला की भेगा पडतात, घाई झाली की तव्याला चिकटते. एका पोराने विचारलं, किती सेकंद ठेवायची? मावशी म्हणाल्या, "भाकरीकडं बघ की रे, घड्याळात काय बघतोस?" पाण्याची चकाकी जाते न जाते तोच उलथनं घालायचं, हे आठवड्याच्या शेवटी बहुतेक पोरांना जमत होतं. फुगायची मात्र सगळ्यांची नाही. आणि नियम असा की आपली फाटकी भाकरी आपणच खायची, दह्याबरोबर. टाकायची नाही, दुसऱ्याच्या पानात सरकवायची नाही. घरी भाजी कोणती आहे हे आधी विचारून जेवायला बसणारा माझा भाचा जाडजूड, कडेला कच्चट राहिलेली भाकरी मुकाट्याने खात होता.

पण खरी गंमत ज्वारी निवडायच्या सकाळी आली. पोरांपुढे दोन ढीग ठेवले होते. एक रब्बीची मालदांडी, एक खरिपातली ज्वारी. आपल्या जिल्ह्यातली ज्वारी म्हणजे काय, हे आपल्यालाच धड सांगता येत नाही. मालदांडीचा ३५-१ हा वाण मोहोळच्या शेती संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवडून काढलेला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मावशींनी यातलं काही सांगितलं नाही, हे मी माझ्या पदरचं घालतोय. त्यांनी दाणे हातात दिले. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की दाणा काळवंडतो, बुरशी धरते. रब्बीची जमिनीतल्या ओलीवर, थंडीत भरते, म्हणून दाणा टपोरा आणि चमकदार. "दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, मऊ लागला तर ओल आहे, घ्यायची नाही." सगळी पोरं दाणे चावत बसली.

मग सुपं आली, बुरुडाकडची, बांबूची. पाखडताना सूप वर उडवतात असं पोरांना वाटतं, म्हणून अर्धी ज्वारी जमिनीवर. खरं तर झटका मनगटाचा असतो, छोटा, आपल्याकडे ओढून घेणारा, आणि फोलपट पुढच्या कडेवरून आपलं आपण निघून जातं. घोळणं वेगळं, त्यात सूप गोल हलवायचं म्हणजे खडे एका बाजूला जमतात. ही कला आमच्या घरात माझ्या आईबरोबर संपली असं मी धरून चाललो होतो. भाचीला ती जमली. शेंगदाण्याची सालं तिने पुढे घरी याच पद्धतीने काढली, तीही गच्चीवर, घरात कचरा न करता.

त्याच सकाळी दोन पिठं दिली, एक ताजं दळलेलं, एक महिनाभर डब्यात राहिलेलं. पाणी तेच, हात तेच. जुन्या पिठाची भाकरी थापता थापताच भेगाळली. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेलं पीठ कसं लागतं आणि खवट वास कसा येतो हे पोरांनी स्वतः अनुभवलं. आठ-पंधरा दिवसांचंच दळण का आणायचं, यावर भाषण लागलं नाही. माझी तक्रार एवढीच की हे सगळं एकाच सकाळी उरकलं. दोन सकाळी द्यायला हव्यात, आणि पोरांना डबा घेऊन गिरणीवर पाठवायला हवं. गिरणीत आधी कुणाचं गहू पडलंय ते विचारून मग आपली ज्वारी ओतायची, हे कोण शिकवणार?

शेंगाचटणीबद्दल थोडक्यात. लोखंडी उखळात भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, आणि तेल सुटून गोळा व्हायला लागेपर्यंत कुटणं. मिक्सरमध्ये कूट होतो, चटणी होत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. उखळ एकच असल्यामुळे पोरं रांगेत जास्त आणि कुटताना कमी होती. आणखी दोन उखळं घ्यावीत.

आता वाकळ. इथे माझ्यातला माल तपासणारा जागा झाला. पोरांना रुमालाएवढे तुकडे दिले, थर आधीच लावलेले, कडा मशीनवर मारलेल्या. पोरांनी वर नुसता धावदोरा घातला. थर सुरकुती न पडता अंथरणं, कोपरे जुळवणं, कच्चे टाके घालून ते बसवणं, अवघड काम तर हेच, आणि ते नेमकं गाळलं. त्यात कापड नवं, पॉलिस्टर मिसळलेलं. सुई अडत होती, बोटं टोचत होती. वाकळीला धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी लागतात. सुई त्यातून सहज जाते आणि वाकळ घाम टिपते. चादरींच्या गावात कापडाची ही गत म्हणजे लाजच की. मी बोललो तर मावशींनी कबूल केलं, म्हणाल्या, "दादा, लुगडी आणायची कुठून, आता नेसतंय कोण?" त्यात तथ्य आहे. तरी पोरांना घरातून जुन्या सुती साड्या, धोतरं, चादरी आणायला सांगता येईल. चार जणांत एक मोठी वाकळ घातली तरी चालेल, पूर्ण नाही झाली तरी चालेल.

वीसेक पोरांत मुलगे तिघेच होते. एक आई मुलाला दारापर्यंत आणून "याला चटणीपुरतंच बसवा" म्हणाली. मावशींनी त्याच्यापुढे परात सरकवली.

कामाचं: वेळ सकाळी साडेसात ते दहा, त्यानंतर मे महिन्यात त्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबवत नाही. फी बाराशे, रोख, धान्य-पीठ त्यातच. गॅसजवळ दोन मावशी कायम उभ्या असतात, तरी एखादा चटका बसतोच, लहान पोरांच्या आईबापांनी तयारी ठेवावी. दहा वर्षांखालच्यांना घेत नाहीत. सुती कपडे घाला, पोरींचे केस बांधून पाठवा. भाकरी घरी न्यायला दुरडी किंवा सुती फडकं द्या. स्टीलच्या बंद डब्यात गरम भाकरीला घाम सुटतो आणि घरी पोचेपर्यंत तिचा लगदा होतो.