हॅम रेडिओ क्लबचा रिपीटर आणि आठवड्याचं नेट, वर्षभर वापरल्यावरचा रिव्ह्यू

रेडिओचे आणि अँटेनाचे रिव्ह्यू बरेच जण लिहितात, पण ज्या सोयीमुळे घेतलेला हँडी (हातात धरायचा रेडिओ) कपाटात न जाता हातात राहतो तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितोय. आमच्या भागातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, क्लबचा दोन मीटर बँडवर एक रिपीटर आहे, म्हणजे आमचं बोलणं ऐकून तेच पुन्हा दूरवर पाठवणारा रेडिओ, आणि त्यावर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळेला नेट, म्हणजे सगळ्यांची रेडिओवरची बैठक भरते. आधी बातम्यांचं बुलेटिन, मग चेक-इन म्हणजे हजेरी, शेवटी कुणाचं काही अडलं असेल तर ते विचारायचं, सगळं मिळून तासभर. गेलं वर्षभर मी दोन-तीन आठवडे सोडले तर प्रत्येक वेळी हजर होतो.

आधी रिपीटरबद्दल. कव्हरेज चांगलं आहे, पाच वॅटचा हँडी आणि सोबत येणारी रबरी अँटेना एवढ्यावर घराबाहेर उभं राहिलं की आवाज स्वच्छ जातो, घरात मात्र खिडकीजवळच यावं लागतं. लाइट गेली तरी बॅटरीवर चालू राहतो हे मी स्वतः अनुभवलंय. मधे दोन महिने मात्र त्याने छळलं. रिपीटर आम्हाला नीट ऐकू यायचा पण त्याला आम्ही ऐकू जायचो नाही, नेहमी फुल क्वायटिंग असणारे, म्हणजे जराही खरखर नसणारे लोकही खरखरीत यायला लागले. दोन मीटरवर रिपीटरच्या ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीत साधारण ६०० किलोहर्ट्झचंच अंतर असतं आणि एकाच अँटेनावर दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, त्यामुळे स्वतःच्याच ट्रान्समीटरने रिसीव्हर बहिरा होऊ नये म्हणून मधे डुप्लेक्सर बसवलेला असतो. लोकांना वाटलं तोच बिघडला. शेवटी टीम वर चढली तेव्हा कळलं की अँटेनाच्या कनेक्टरमधे पाणी शिरलंय. मला आवडलं ते हे की पुढच्या नेटवर त्यांनी काय चुकलं, सीलिंग कुठे कमी पडलं होतं, आता काय बदललं ते सगळं न लपवता सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी माझ्या छतावरचा कनेक्टर उघडून पाहिला तर तिथेही हिरवट गंज होता.

आता बुलेटिन. इथे माझी खरी तक्रार आहे. पंधरा मिनिटांत आटपेल ते कधी कधी अर्धा तास चालतं कारण जगभरच्या कॉन्टेस्टचे निकाल आणि डीएक्सपिडिशनच्या (दूरच्या, दुर्मिळ ठिकाणी जाऊन रेडिओ लावायच्या मोहिमांच्या) तारखा एका दमात वाचल्या जातात, ज्या ज्याला हव्यात त्याने आधीच कुठेतरी वाचलेल्या असतात. पण आपल्या भागाच्या कामाची बातमी आली की हेच बुलेटिन एकदम जिवंत होतं. स्पेस स्टेशनवरून एसएसटीव्ही चित्रं (आवाजाच्या रूपात रेडिओवरून पाठवलेली) येणार होती तेव्हा नेट कंट्रोलने, म्हणजे नेट चालवणाऱ्याने, नुसती तारीख नाही सांगितली तर आपल्याकडून स्टेशनचा कुठला पास (आकाशातली फेरी) उंच जाईल, कुठल्या दिशेला तोंड करायचं, १४५.८०० मेगाहर्ट्झवर साध्या एफएममधे ऐकायचं, डॉप्लर (स्टेशनच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) जेमतेम साडेतीन किलोहर्ट्झ आहे त्यामुळे दोन मीटरवर सारखं ट्यून करत बसायची गरज नाही, एक चित्र यायला साधारण दोन मिनिटं लागतात म्हणून सुरुवात चुकली तरी घाबरून बंद करू नका, असं सगळं सांगितलं. त्या आठवड्यात मी फोन रेडिओच्या स्पीकरला टेकवून पहिलं चित्र उतरवलं. खालचा भाग सगळा खरखरीत आला होता पण ४०० किलोमीटर वरून आलेलं ते चित्र मी अजून जपून ठेवलंय.

सोलर रिपोर्टचंही तसंच झालं. आधी नुसते आकडे वाचायचे, फ्लक्स (सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचं माप) एवढा, के इंडेक्स (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ) एवढा, आणि पुढे जायचे. मग एका ताईंनी नेट चालवायला घेतलं आणि त्या प्रत्येक आकड्यापुढे एक वाक्य जोडायला लागल्या की के पाच किंवा त्याच्या वर गेला म्हणजे चुंबकीय वादळ, आज खालच्या बँडवर नॉइज असेल, लांबचे सिग्नल पडलेले असतील, उगाच स्वतःच्या अँटेनाला दोष देऊ नका. मे २०२४ मधे जी५, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं वादळ आलं होतं, तेवढं मोठं त्याआधी २००३ मधे झालेलं, तेव्हा एचएफ (लांबच्या संपर्काचे शॉर्टवेव्ह बँड) कसं ओस पडलं होतं ते त्यांनी उदाहरण म्हणून सांगितलं आणि तो के इंडेक्स मला पहिल्यांदा नीट समजला.

चेक-इन मला सगळ्यात जास्त आवडतं. आधी इमर्जन्सी ट्रॅफिक विचारतात, मग गाडीतले आणि कमी पॉवरवाले, मग बाकीचे. नवीन माणसाला माइकची भीती वाटते, मीही पहिले चार आठवडे नुसता ऐकत होतो. पाचव्या आठवड्यात बोललो तर कॉलसाईनचं (लायसन्सवरच्या माझ्या ओळख-नावाचं) पहिलं अक्षरच गायब, दोनदा तसंच झालं. तिथल्या एका काकांनी शांतपणे सांगितलं की बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांब मग बोल, रिपीटरला टोन (आपला रेडिओ आवाजासोबत पाठवतो तो ठरलेला बारीक स्वर) ओळखून उघडायला तेवढा वेळ लागतो. कुठल्याच मॅन्युअलमधे मला हे सापडलं नव्हतं. दोघं एकदम बोलले की जी शिट्टी वाजते तेव्हाही कुणी कुणावर चिडत नाही, नेट कंट्रोल म्हणतात की दोन स्टेशन होती, एकेक करून या, आणि दोघांनाही घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत.

महिन्यातून एकदा शेवटची दहा मिनिटं सगळे रिपीटर सोडून सिम्प्लेक्सवर (रेडिओ ते रेडिओ थेट) जातात. प्रत्येकाने आपला कॉलसाईन द्यायचा आणि बाकीच्यांनी लिहून ठेवायचं की कोण कोण ऐकू आलं, मग परत रिपीटरवर येऊन सगळ्यांच्या नोंदी जुळवायच्या. ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण क्लबचं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं, कारण रिपीटर ही शेवटी एका ठिकाणी ठेवलेली पेटी आहे, ती बंद पडली तर कोण कुणाला ऐकतं हे आधीच माहीत असायला हवं. पहिल्या वेळी मला फक्त तिघांनी ऐकलं. मग एकोणपन्नास सेंटिमीटरची पाव वेव्हची (लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढी) काठी आणि खाली चार रेडियल (बाजूला पसरलेल्या तारा) असली ग्राउंड प्लेन अँटेना बनवून छतावर लावली, रेडिओ तोच, पॉवर तीच, आणि पुढच्या महिन्यात अकरा जणांच्या यादीत माझा कॉलसाईन होता. ज्या दोघांना एकमेकांचं काहीच ऐकू येत नव्हतं त्यांचे निरोप त्या दिवशी माझ्याकडून रिले झाले. एकदा त्यांनी न सांगता नेटच्या मधेच रिपीटर बंद केला, निम्मे लोक शोधत बसले आणि निम्मे दोन मिनिटांत सिम्प्लेक्सवर हजर होते. असा सराव वर्षात एकदाच झाला, तो दर तीन महिन्यांनी तरी व्हायला हवा.

बाकी अॅक्टिव्हिटीत फॉक्स हंट होतो, तोही मस्त असतो. मोजपट्टीच्या पात्यांची यागी (एका दिशेला जास्त ऐकणारी अँटेना) बनवून लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा. जवळ गेलं की सिग्नल सगळीकडून सारखाच फुल येतो, तेव्हा फ्रिक्वेन्सीची तिप्पट करून सत्तर सेंटिमीटरच्या बँडवर त्याचा हार्मोनिक (मूळ सिग्नलची क्षीण प्रत) ऐकायचा, ही युक्ती मला तिथे एका शाळेतल्या मुलीने शिकवली.

न पटलेल्या आणखी दोन गोष्टी आहेत. नेट रेकॉर्ड करून ठेवत नाहीत, त्यामुळे ज्याची त्या वेळी ड्युटी असते त्याचं सगळंच हुकतं. आणि नेट संपलं की उरलेले सहा दिवस रिपीटर गप्प असतो, रिकाम्या रिपीटरवर कुणी कॉल दिला तर उत्तर द्यायला निदान एक जण असायला पाहिजे. मी आता संध्याकाळी घरी परतताना रोज एकदा कॉल देतो, गेल्या महिन्यात तीन नवीन लायसन्सवाल्यांचा पहिला क्यूएसओ (रेडिओवरचा संवाद) तसाच माझ्याशी झाला.

पाचापैकी चार स्टार, एक बुलेटिनच्या लांबीसाठी कापलाय. लायसन्स नवीन असेल तर रेडिओत ऑफसेट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर) आणि टोन आधी भरून घ्या, कागदावर तुमचा कॉलसाईन फोनेटिकमधे (प्रत्येक अक्षरासाठी ठरलेल्या शब्दात) लिहून समोर ठेवा, आणि कमी पॉवरवाल्यांची हाक आली की बटण दाबून अर्धा सेकंद थांबून बोला.