निवासी विशेष शाळा की गावातली शाळा?

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. मराठवाड्यात ही निवड बहुतेक वेळा अंतर आणि ऊसतोडीचा हंगामच ठरवतो.

कर्णबधिर मुलाचे उदाहरण घ्या. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत तो भावंडांसोबत जातो, घरीच जेवतो. पण गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की ओठ दिसेनासे होतात आणि त्याचा तास तिथेच संपतो. अनेक शाळा वाट्याला आलेला फिरता विशेष शिक्षक रोज येऊ शकत नाही, श्रवणयंत्राचा सेल संपला तर तो तालुक्याहून आणावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या निवासी शाळेत मात्र खुणांची भाषा वर्गापुरती राहत नाही. जेवणाच्या पंगतीत, खेळात, भांडणातही तीच चालते. शिवाय बीडकडचे आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघाले की मुलाच्या मुक्कामाचा प्रश्नही सुटतो, जरी सहा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडण्याची किंमत लहान नसते.

माझे मत असे, की कर्णबधिर मुलाने सुरुवातीची वर्षे विशेष शाळेत काढावीत. अस्थिव्यंग मुलाला गावाबाहेर धाडण्याचे मात्र कारणच नाही. त्याला चालण्याजोगा उतार हवा, आणि तो उतार स्वच्छतागृहापर्यंतही पोहोचायला हवा.