हॅलाइड वापरून बघा, कॅमेऱ्याच्या कामाला फंक्शनल भाषा मस्त चालते

फंक्शनल प्रोग्रामिंग, म्हणजे पायऱ्या न सांगता फंक्शनं जोडून प्रोग्राम लिहिणं, म्हटलं की लोक हॅस्केल या भाषेचं नाव काढतात, इमेजच्या कामाला स्लो पडेल म्हणतात आणि विषय मिटवतात. त्यांनी हॅलाइड ही इमेज प्रोसेसिंगची भाषा एकदा वापरावीच. २०१२ पासून आहे, एमआयटीतून आलेली, ओपन सोर्स, सी++ च्या आतच लिहायची, पायथनमधूनही चालते. गूगलच्या पिक्सेल फोनच्या एचडीआर प्लसमध्ये (अनेक फोटो जोडून एक चांगला फोटो बनवणारी सोय) आणि फोटोशॉपमध्येही हीच आहे, म्हणजे नुसतं कॉलेजचं खेळणं नाही.

इथे इमेज म्हणजे एक्स-वायचं फंक्शन, जागा दिली की पिक्सेलचा आकडा मिळतो, बस. साधा ब्लर (चित्र धूसर करणं) घ्या, आधी आडव्या तीन पिक्सेलची सरासरी, मग तिच्यावर उभ्या तिघांची, दोन ओळीत काम झालं, एकही लूप नाही. तो पळवायचा कसा, म्हणजे तुकडे केवढे, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) किती, पहिला टप्पा साठवायचा की लागेल तेव्हा परत काढायचा, हे सगळं खाली वेगळ्या शेड्यूलमध्ये जातं. शेड्यूलमध्ये काय वाट्टेल ते बदला, ब्लरचं उत्तर तेच राहतं, त्यामुळे स्पीड वाढवताना हात थरथरत नाही. हेच सी++ मध्ये हाताने करायला गेलं की टायलिंग (चित्राचे तुकडे पाडणं) आणि सिमडी (एका सूचनेत अनेक पिक्सेल) यांच्या गुंत्यात मूळ ब्लर कुठे लिहिलाय तेच सापडत नाही आणि कडेचे पिक्सेल हमखास गंडतात. मला तर एवढ्या एका गोष्टीसाठीच ही भाषा आवडते.

आता त्रास. तीन आठ-बिटी पिक्सेल बेरजेला घेतले की २५५ च्या वर जाऊन आकडा गुंडाळला जातो, म्हणजे परत शून्यापासून सुरू होतो, आधी सोळा बिटात कास्ट करावंच (प्रकार बदलावाच) लागतो. कडेला काय करायचं ते सांगितलं नाही तर इनपुट उणे एकला, म्हणजे चित्राबाहेर, वाचलं म्हणून एरर येतो, आणि तोही सी++ कंपाइल झाल्यावर, रन करताना. रिपीट एज (बाहेर कडेचाच पिक्सेल धरणं) लावला की मिटतं. शेड्यूल आपोआप लिहिणारा ऑटोशेड्यूलर आहे, सुरुवातीला ठीक, पण चांगलं शेड्यूल लिहायचं तर कॅश (प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी) कशी चालते ते कळायलाच हवं.

आणि पूर्ण व्हिजन सिस्टिम (चित्रातून वस्तू ओळखणारी) हिच्यात लिहायला जाऊ नका. कंटूर (वस्तूंच्या बाह्यरेषा) शोधणं, ट्रॅकिंग, जिथे पुढचं पाऊल आधी काय सापडलं त्यावर ठरतं, ते ओपनसीव्ही या लायब्ररीकडेच राहू द्या. फ्रेम कॉपी न करता तिकडून इकडे देता येते, फक्त ओपनसीव्हीत प्रत्येक पिक्सेलचे निळा-हिरवा-लाल (बीजीआर) आकडे एकाशेजारी एक असतात आणि हॅलाइड रंगांचे थर वेगळे धरते, तेव्हा बफर (चित्राची मेमरी) इंटरलीव्ह्ड, म्हणजे रंग एकाशेजारी एक, म्हणून बनवा आणि शेड्यूलमध्येही तसं सांगा.