तीन कपांचा मोका पॉट: टंगळमंगळीला आपणहून शेवट लावणारं यंत्र

लिहिणारे, चित्रं काढणारे, व्हिडिओ एडिट करणारे, जाहिरातीच्या ओळी सुचवणारे या सगळ्यांची एक नशा उघड्यावर चालते, कायद्यात बसते आणि बहुतेक ठिकाणी ऑफिसच ती पुरवतं. ती म्हणजे कॅफिन. तिच्या जोडीला टंगळमंगळ आलीच. कोरं पान समोर उघडलं की नेमकी तेव्हाच तलफ येते. म्हणून या मंडळींनी कॉफीचं भांडं निवडताना चवीचा विचार नंतर करावा. ते किती वेळ खातं आणि किती कॅफिन पाजतं, हे आधी पाहावं. या दोन्ही कसोट्यांवर गॅसवर ठेवायचा ॲल्युमिनियमचा तीन कपांचा मोका पॉट (हे कप एस्प्रेसोचे, म्हणजे इवलेसे) सगळ्यांत उजवा ठरतो.

इन्स्टंट कॉफी अर्ध्या मिनिटात होते, म्हणूनच ती दिवसातून सात वेळा होते. ठिबक मशीनचं भांडं गरम तव्यावर भरलेलंच असतं. येता-जाता कप भरला जातो आणि किती झाले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मोका पॉटला दळण्यापासून ओतेपर्यंत दहाएक मिनिटं लागतात आणि त्यातली शेवटची चार त्याच्यासमोरून हलता येत नाही. फोन बघत बसलात तर कॉफी करपते. शिवाय दुसरी खेप हवी असेल तर भांडं थंड करा, गाळ झाडा, धुवा, पुन्हा भरा. एवढ्या खटाटोपापेक्षा अर्धवट पडलेला ड्राफ्ट बरा वाटायला लागतो, आणि हाच या भांड्याचा मोठेपणा.

इटलीतल्या बियालेत्ती कंपनीचा अष्टकोनी पॉट १९३३ सालचा. आजही रचना तीच आहे: खाली पाण्याची टाकी, मध्ये कॉफीची चाळणी, वर जमा होणारी कॉफी. खालची हवा आणि वाफ तापून फुगते आणि पाण्याला नळीतून वर ढकलते. दाब जेमतेम एक-दोन बार (बार हे दाबाचं एकक) असतो. एस्प्रेसो मशीन नऊ बारच्या आसपास चालतं. त्यामुळे याच्या कॉफीवर दाट साय येणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नये.

पाणी आधी उकळून घ्यावं आणि टाकीत तिच्या बाजूला असलेल्या सुरक्षा झडपेच्या जरा खालपर्यंतच भरावं. गार पाण्यानं सुरुवात केली की ते तापेपर्यंत चाळणीतली पूड भाजत राहते आणि कॉफी कडवट होते. पूड १५ ते १७ ग्रॅम लागते. दळण टेबलावरच्या मिठापेक्षा किंचित बारीक हवं. चाळणी काठोकाठ भरून बोटानं सपाट करावी, दाबू मात्र नये. पिठासारखं दळण किंवा ठासलेली पूड पाण्याची वाट अडवते, आणि मग झडपेतून वाफ सुटते. तसं झालं तर गॅस बंद करून भांडं पूर्ण थंड होऊ द्यावं. गरम असताना पिळून उघडायला जाऊ नये. चाळणीच्या काठावर चार कण राहिले तरी रबरी रिंग नीट बसत नाही आणि सांध्यातून पाणी गळतं. तो काठ पुसायला दोन सेकंद लागतात, पण घाईत नेमकं हेच राहतं.

टाकी गरम असते, म्हणून ती फडक्यानं धरून वरचं भांडं घट्ट पिळून बसवावं. आच लहान ठेवावी, ज्वाळा बुडाबाहेर आल्या की कान वितळतो. झाकण उघडं ठेवून पाहत राहावं. धार आधी गडद तपकिरी आणि सावकाश येते, मग मधासारखी फिकट होते. तिथेच उतरवावं आणि बूड गार पाण्याच्या नळाखाली धरावं. भसाभसा फुरफुरण्याचा आवाज म्हणजे पाणी नळीच्या खाली गेलं आणि आता पुडीतून वाफ निघते आहे. त्या पुढचा प्रत्येक थेंब कडू. तळाशी थोडं पाणी उरतंच, तो दोष नाही.

आता मात्रा. अरेबिका जातीच्या कॉफीत वजनाच्या सुमारे १.२ टक्के कॅफिन असतं. म्हणजे १६ ग्रॅम पुडीत १९० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ते सगळंच कपात उतरत नाही. निरोगी प्रौढ माणसानं एका वेळी २०० आणि दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचं मत आहे (गरोदरपणी दिवसभरात २००). म्हणजे एक पॉट एकट्यानं प्यायला चालतो, दुसरा दुपारी वाटून घ्यावा. रोबस्टा या दुसऱ्या जातीत कॅफिन जवळपास दुप्पट, तिथे पहिलाही वाटूनच घ्यावा. सिगारेट नुकतीच सोडलेल्यांनी तर कॉफी नक्की कमी करावी. धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा लवकर करतं. धूर थांबला की तेवढीच कॉफी अंगात जास्त वेळ रेंगाळते, आणि हात थरथरले की दोष बिचाऱ्या डेडलाइनला जातो.

कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनंही झोप तासाहून जास्त घटली. आणि कल्पना? २०२० च्या एका प्रयोगात २०० मिलिग्रॅमनं कोडी सोडवायला मदत झाली, नव्या कल्पना सुचवायला मात्र नाही. तेव्हा पॉट चढवावा तो एडिटिंगच्या, दुरुस्तीच्या, हिशेबाच्या वेळी. सुचत नसेल तर पिऊन लगेच वीस मिनिटं आडवं व्हावं. कॅफिनचा असर यायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे डुलकी आणि तरतरी दोन्ही पदरात पडतात. टंगळमंगळीचा इतका किफायतशीर प्रकार दुसरा नाही.

उणिवा आहेत. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही, तिथे स्टीलचा घ्यावा लागतो. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये तो काळा पडतो, हातानं धुऊन सुटे भाग कोरडे करूनच जोडावेत. अर्धा पॉट करता येत नाही. नव्या भांड्यातल्या पहिल्या दोन-तीन खेपा फेकाव्या लागतात. रिंग कडक झाली, चिरली की बदलावी, म्हणून घेतानाच एक जास्तीची रिंग घेऊन ठेवावी. सहा कपांचा स्वस्त पडतो म्हणून एकट्यासाठी तो उचलू नये. तो अर्धा भरून चालत नाही, आणि भरलेला संपवावासा वाटतोच.