विल्यम्सबर्गचा वार्षिक पास : दहा महिने आणि एक वीट

पहिल्या खेपेला आम्ही जे केलं ते तुम्ही करू नका. जूनमधला शनिवार, सकाळचे अकरा, दोन मुलं, एक ढकलगाडी, हातात नकाशा, आणि डोक्यात एकच की आज सगळं बघून टाकायचं. कलोनियल विल्यम्सबर्ग म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं, अठराव्या शतकासारखं उभं केलेलं गाव, एक उघड्यावरचं संग्रहालयच. परिसर ३०१ एकरांचा आहे. गव्हर्नरचा वाडा, कॅपिटॉल म्हणजे विधिमंडळाची इमारत, तुरुंग, दारूगोळ्याचं कोठार, केसांचे टोप करणारा, औषधवाला, छापखाना. तीन वाजता धाकट्याने भर रस्त्यात फतकल मारली. व्हर्जिनियातला उन्हाळा म्हणजे मुंबईचा मे महिना, फक्त समुद्राच्या वाऱ्याशिवाय. परतताना नवरा एवढंच म्हणाला, "पासाचे पैसे गेले पाण्यात."

आम्ही रिचमंडजवळ राहतो, तासाभराच्या अंतरावर, म्हणून वर्षाचा पास काढला होता. आता दहा महिने झाले. चौदा खेपा झाल्या. पैसे पाण्यात गेले नाहीत, पण ते कशाने वसूल झाले हे लिहायला हवं, कारण तिकीट काढताना आम्हाला वाटलं होतं ते कारण वेगळंच होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६९९ ते १७८० हे गाव व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी होतं. मग राजधानी रिचमंडला हलली आणि गाव मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच जुनी घरं टिकली. १९२६ मध्ये इथल्या चर्चचे पाद्री गुडविन यांनी धाकट्या रॉकफेलरना, म्हणजे तेलसम्राट रॉकफेलरच्या धनाढ्य मुलाला, गळ घातली आणि गाव पुन्हा अठराव्या शतकासारखं उभं करायला सुरुवात झाली. ऐंशीहून जास्त इमारती मूळच्या आहेत, बाकीच्या जुन्या पायांवर नव्याने बांधल्या. गव्हर्नरचा वाडा १७८१ मध्ये जळाला होता. आज दिसतो तो १९३०च्या दशकातला. रस्त्यांवर फिरायला तिकीट लागत नाही, इमारतींच्या आणि दुकानांच्या आत जायला लागतं. त्यामुळे एखाद्या पाहुण्याला नुसतं चक्कर मारून आणायचं तर फुकटात काम होतं.

तिथे माणसं दोन प्रकारची भेटतात, हे मुलांना आधी सांगून ठेवा. काही जण जेफरसन किंवा पॅट्रिक हेन्री, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी, बनून येतात आणि १७७५ सोडून बाहेर पडत नाहीत. दुकानांतले कारागीर मात्र कपडे जुने घालतात पण बोलतात आपल्यासारखे, आणि ते नट नव्हेत. वर्षानुवर्षं उमेदवारी करून तो धंदा शिकलेली माणसं आहेत. लोहाराचा खिळा खराच असतो आणि कुठल्या तरी दारात ठोकलाही जातो.

आमचा नियम तिसऱ्या खेपेला ठरला : एका खेपेला एकच दुकान. थोरली नऊ वर्षांची. ती पिंपं करणाऱ्याकडे अख्खी सकाळ बसली. खिळा नाही, सरस नाही. फळ्या एका कड्यात उभ्या करायच्या, आत छोटा विस्तव ठेवायचा, लाकूड तापून नरम झालं की खालची पसरलेली टोकं ओढून आणायची आणि वरून कडं हाणत बसवायचं. पहिलं कडं दोनदा निसटलं. कारागीर काही बोलला नाही, फक्त पुन्हा सुरू झाला. थोरली घरी येऊन म्हणाली, "त्याला राग नाही आला." तिला इतिहासातलं एवढंच लक्षात राहिलं, आणि माझी त्याला हरकत नाही.

धाकटा सहा वर्षांचा, त्याचं दुकान म्हणजे वीटभट्टी. उन्हाळ्यात तिथे खड्ड्यात माती आणि पाणी असतं आणि मुलांना अनवाणी उतरून ती तुडवू देतात. मळलेल्या चिखलाचा गोळा कारागीर साच्यात दाणकन आपटतो, वरची माती पट्टीने निपटतो, साचा उलटा करतो आणि कच्ची वीट वाळत ठेवतो. धाकटा दहा मिनिटं नाचला, मग म्हणाला, पाय दुखले. आम्ही फोटो काढले, पाय धुतले, आईस्क्रीम खाल्लं. माझ्या मते मुलांसाठी गावातली सगळ्यात मजेची जागा तीच.

ऑगस्टमध्ये माझी आई कराडहून आली. तिला कौतुकाने वीटभट्टीच दाखवली. धाकटा चिखलात उड्या मारत होता. आई पदर सावरून कठड्यापाशी उभी राहिली, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पैसे देऊन चिखल तुडवायला आणतात होय गं इथं पोरांना? आपल्या नदीकाठाला भट्टी लागते तिथली पोरं दिवस उजाडायच्या आत पाय घालतात थंडीत, आणि शाळा बुडते ती वेगळीच."

मी गप्प. तिथल्या कारागिराला मी इंग्रजीत सांगितलं की आई काय म्हणते आहे. त्याने हसण्यावारी नेलं नाही. वसाहतीच्या काळात व्हर्जिनियात विटा पाडण्याचं बरंचसं काम गुलामांकडून करून घेतलं जायचं आणि त्यात पोरंही असायची, असं त्याने सरळ सांगितलं. जुन्या विटांवर लहान बोटांचे ठसे सापडतात, हेही. मी आधीच्या दोन खेपांना तिथे उभी होते आणि हे विचारलं नव्हतं. सांगितलं नाही असं नाही, मी फोटो काढत होते.

तिथून आमच्या खेपांची दिशा बदलली. १७७५च्या सुमारास या गावातली जवळपास निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती, आणि त्यातले बहुतेक सगळे गुलाम. हे एकदा डोक्यात बसलं की वाड्याचं स्वयंपाकघर वेगळं दिसतं. आम्ही ब्रे स्कूलची इमारत बघितली : १७६० ते १७६५ तिथे (आणि नंतर १७७४ पर्यंत दुसरीकडे) ॲन वेजर नावाची बाई कृष्णवर्णीय मुलांना, बहुतेक गुलाम असलेल्या, वाचायला शिकवायची. इमारत गावातल्याच विद्यापीठाच्या आवारात इतर कामाला वापरात होती. २०२० मध्ये लाकडाच्या वर्षकड्या मोजून तिचं वय ठरलं आणि २०२३ मध्ये अख्खं घर चाकांवर घालून इथे आणलं. थोरलीने विचारलं, शिकवायचे तर सोडत का नव्हते? कारण शिकवण्याचा हेतूच वेगळा होता. चांगला ख्रिस्ती आणि आज्ञाधारक गुलाम व्हावा, हा. नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगायला मला गाडीत पूर्ण तास लागला आणि तरी नीट सांगता आलं नाही. लहान मुलांना हे सगळं नको असं वाटणाऱ्यांनी नुसता ढोल-बासऱ्यांचा ताफा बघावा. लाल कोटातली दहा ते अठरा वर्षांची मुलंमुली वाजवत जातात, फार देखणा प्रकार आहे.

हिवाळा मात्र आईचा. स्वयंपाकघरात कोको भाजून, सोलून, निखाऱ्यांवर तापवलेल्या दगडावर एक कारागीर वाटत होता. दगड म्हणजे आपला पाटाच, थोडा खोलगट. वाटता वाटता कोरडी भरड सुटते आणि अचानक चकाकणारा लगदा होतो. आई पुढे सरकून म्हणाली, "मनगटाने नको, खांद्याने रेट म्हणावं त्याला." मी भाषांतर केलं. त्याने तसं करून पाहिलं आणि मान डोलावली. डिसेंबरात दारांवर सफरचंदं, लिंबं, अननस लावलेली तोरणं असतात. आई खूष. ती पद्धत अठराव्या शतकातली नसून विसाव्या शतकात इथेच रुजलेली आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

मोठ्यांसाठी दोन गंमती. शिंप्याकडे श्रीमंत पुरुषांचा घरात घालायचा ऐसपैस झगा दिसतो, त्याचं नाव बनियन. शब्द आपल्या वाण्यावरून गेलेला. आपल्याकडे तो झिजत झिजत गंजीफ्रॉकवर आला. दुसरी : २० एप्रिल १७७५च्या रात्री इंग्रज गव्हर्नर डन्मोरने इथल्या कोठारातली बंदुकीची दारू गुपचूप उचलून जहाजावर नेली आणि गाव संतापाने पेटलं. त्याच वसंतात गुजरातेत कंपनीची फौज राघोबादादांच्या बाजूने पेशवाईशी लढत होती. आणि इथून वीसेक किलोमीटरवर यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. शाळेत हे दोन वेगळ्या पुस्तकांत होतं.

कामाचं : सकाळी उघडताच जा. विटांचे पदपथ ढकलगाडीला त्रासाचे, कडेवर घेण्याची तयारी ठेवा. फार ऊन झालं तर कला संग्रहालयात शिरा, तिथे गारवा असतो. शाकाहारी असाल तर डबा न्या; आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. संध्याकाळच्या बऱ्याच कार्यक्रमांना पासाशिवाय वेगळं तिकीट लागतं, ते घरूनच बघून घ्या. वर्षातून एकदाच जाणार असाल तर पास काढू नका. चारपेक्षा जास्त वेळा जमत असेल तर काढा.

शरदात भट्टी लागली. कच्च्या विटांचाच ढीग रचून त्यातल्या बोगद्यांत लाकडं घालतात, रात्रंदिवस अनेक दिवस जाळ चालू. आम्ही अंधारात गेलो. धाकटा विचारत होता, माझी वीट कुठली. आई म्हणाली, आतली असेल, लाल झाली असेल. ती फेब्रुवारीत परत गेली.

पास जूनमध्ये संपतोय, पुन्हा काढणार आहोत. धाकट्याने चिखल कधी सुरू होणार म्हणून आत्ताच डोकं खाल्लं आहे. रविवारी आईला फोनवर विचारलं, परत उतरू देऊ का? ती म्हणाली, "तुडवू दे की. फक्त या खेपेला तासभर तुडव म्हणावं."