रिकंडिशन्ड झेरॉक्स मशीन : १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या वकिली कार्यालयासाठी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक रिकंडिशन्ड, म्हणजे वापरलेले आणि दुरुस्त करून विकलेले, झेरॉक्स मशीन घेतले. त्या वेळी काउंटरवर साडेतीन लाखांहून अधिक प्रतींची नोंद होती. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले दोष या वयाच्या बहुतेक यंत्रांत थोड्याफार फरकाने आढळतात.

पहिले दोन महिने तक्रारीला जागा नव्हती. जूनमध्ये पाऊस लागला आणि दिवसातून पाच-सहा वेळा कागद अडकू लागला. विक्रेत्याने पाठवलेल्या मेकॅनिकने ट्रेमधून कागद ओढणारा पिकअप रोलर बदलला, पैसे घेतले, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झाले. तेव्हापासून मी जावक नोंदवहीच्या मागच्या पानांवर तारीख, काउंटर, ट्रे आणि कागदाचे पुढचे टोक नेमके कुठे थांबले, एवढे टिपून ठेवू लागलो. स्क्रीनवर दर वेळी संदेश एकच येतो. कागद कुठे थांबला हे मात्र झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

तीन आठवड्यांच्या नोंदींवरून लक्षात आले की आपण ज्याला एक दुखणे समजत होतो, ती तीन आहेत. ट्रेच्या तोंडाशीच थांबणारे कागद हे सादळलेले कागद होते. ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या कागदाचा) रिम फोडून उघडा ठेवला की कोकणच्या हवेत एका रात्रीत त्याच्या कडा वळतात. आता ट्रेमध्ये दिवसभरापुरताच कागद भरतो आणि उरलेला रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवतो. एवढ्यानेच निम्मे अडथळे संपले.

दुसरे ठिकाण फ्युझरचे, म्हणजे टोनर (शाईची भुकटी) तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाचे. तिथला कागद पेटीच्या भात्यासारखा चुण्या पडून बाहेर येई. गरम रोलरपासून कागद सोडवणाऱ्या बारीक नखांवर टोनरचा थर बसला होता आणि त्यांपैकी एक नख झिजले होते. ते बदलून घेतले. हा भाग बराच वेळ तापलेला राहतो, त्यामुळे यंत्र बंद करून, प्लग काढून, पुरेसे निवल्याशिवाय तिथे हात घालू नये.

तिसऱ्या दोषाने मात्र आमची खरी परीक्षा पाहिली. एक कागद नीट जाई आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ, न बोलावता, अर्धवट आत शिरून थांबे. मेकॅनिक याला रोलरचाच दोष म्हणत होता. रोलर नवा असूनही असे का व्हावे, म्हणून बाजूचे कव्हर काढले, तेव्हा रोलरचे फिरणे सुरू-बंद करणारा क्लच सोडणाऱ्या सोलेनॉइडवर (विजेवर हलणाऱ्या छोट्या चुंबकी खटक्यावर) नखाएवढा स्पंजचा तुकडा दिसला. वयोमानाने तो विरघळून फणसाच्या चिकासारखा झाला होता. सोलेनॉइडची पट्टी त्याला चिकटून क्षणभर उशिरा सुटे, तेवढ्या वेळात रोलर आणखी फिरे आणि पुढचा कागद ओढला जाई. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चीक पुसला आणि त्या जागी कापडी चिकटपट्टीचे दोन थर लावले. याला आठ महिने झाले. तो दोष पुन्हा आलेला नाही. नव्या रोलरचे पैसे गेले ते गेलेच.

प्रतींवरील काळ्या रेघांबाबत थोडक्यात. रेघ फक्त फीडरमधून (मूळ कागद आपोआप आत ओढणाऱ्या वरच्या भागातून) काढलेल्या प्रतीवर येत असेल, तर फीडरशेजारच्या अरुंद काचपट्टीवर व्हाइटनरचा कण शोधावा. काचेवर ठेवून काढलेल्या प्रतीवरही ती आली, तर ड्रम (ज्यावर प्रतिमा उमटते तो दंडगोल) आणि तो पुसणारी ब्लेड तपासावी. ठिपका ठरावीक अंतराने येत असेल, तर पट्टीने मोजावे. आमच्याकडे ते अंतर ९४ मिमी भरले, म्हणजे ३० मिमी व्यासाच्या ड्रमचा बरोबर एक फेरा. ड्रम बदलल्यावर ठिपका गेला.

दिवसाला दोन-तीनशे प्रती लागणाऱ्या आणि झाकण उघडायला न कचरणारा एखादा माणूस असलेल्या कार्यालयाने असे यंत्र जरूर घ्यावे. ज्यांना प्रत्येक वेळी मेकॅनिकची वाट पाहावी लागणार आहे, त्यांना ते स्वस्त पडणार नाही. आमच्या यंत्रात दोन्ही बाजूंच्या प्रती काढताना लीगल आकाराचा कागद अजूनही आठवड्यातून एखाद्या वेळी अडकतो. गेल्या चार वेळा तो एकाच वळणावर थांबला आहे, त्यामुळे पुढचे कव्हर कोणते काढायचे ते ठरले आहे.