रास्पबेरी पायवर ब्लूझी 5.66 : दिवाळी ते मे

रास्पबेरी पाय 3 बी हा छोटा संगणक, त्यावर बुलसआय (डेबियन लिनक्सची एक आवृत्ती) आणि सोबत आलेलं ब्लूझी 5.55, म्हणजे लिनक्समध्ये ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर. काम एवढंच की बैठकीतल्या ब्लूटूथ स्पीकरला गाणी पोचवायची आणि गॅलरीतल्या सेन्सरकडून तापमान घ्यायचं. पण स्पीकर बंद करून पुन्हा सुरू केला की आपणहून जोडलाच जायचा नाही. दर वेळी ब्लूटूथसीटीएल हा प्रोग्रॅम उघडा आणि कनेक्ट ठोका. कंटाळून दिवाळीच्या सुट्टीत सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः प्रोग्रॅम तयार (कंपाइल) करून, 5.66 चढवलं.

कंपाइल करणं फार अवघड नाही. डीबस, जीलिब, यूडेव, आयकॅल, रीडलाइन यांची डेव्ह पॅकेजेस (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइल्स) आधी टाका. मॅनपेजेस बंद ठेवा, नाहीतर कॉन्फिगर (कंपाइलआधीची तयारीची पायरी) त्यासाठीही एक वेगळं पॅकेज मागत बसतं. व्हार-लिबमधल्या ब्लूटूथ फोल्डरची प्रत काढून ठेवा, पेअरिंगच्या चाव्या तिथेच असतात.

खरी मेख त्यापुढे. मेक इन्स्टॉल बिनबोभाट पार पडतं, ब्लूटूथसीटीएलला आवृत्ती विचारली की 5.66 सांगतं आणि माणूस खूश! पण ते नुसतं आज्ञा द्यायचं साधन. राबतो तो मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे डेमन, ब्लूटूथडी. प्रीफिक्स (कुठे इन्स्टॉल करायचं तो पत्ता) न देता कॉन्फिगर केलं तर नवा डेमन यूएसआर-लोकल फोल्डरखाली जाऊन बसतो, आणि डेमन सुरू करणाऱ्या सर्व्हिस फाइलच्या एक्झेकस्टार्टच्या ओळीत जुना पत्ता असेल तर जुनाच डेमन सुरू होतो. म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट करून जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) बघा. सुरू होताना 'ब्लूटूथ डेमन'पुढे जो आकडा छापला जातो, तोच खरा.

तेव्हापासून स्पीकर आपोआप जोडला जातो, तक्रार नाही. आवाज तुटणं मात्र तसंच राहिलं. या बोर्डावर वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर, दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झवर, 5 गिगाहर्ट्झची सोयच नाही. त्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये घरटी एक राउटर. शेवटी नागपूरच्या बर्डी बाजारातून लॅन केबल आणली, वाय-फाय बंद केलं आणि गाणं सरळ वाजू लागलं. तुमचा त्रास नुसता आवाज तुटण्याचा असेल तर आधी केबल लावा, आवृत्तीचं नंतर बघू.

आता मे. बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलाय. प्रोसेसर 80 अंशांच्या वर गेला की बोर्ड स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे कंपाइल करायचंच तर रात्री करा आणि हीट सिंक चिकटवा. नुसतं गाणं वाजवायला उन्हाचा त्रास नाही. कूलर सुरू झाला की ते ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.

यूएसआरमध्येच, म्हणजे जुन्याच जागी, इन्स्टॉल केलं असेल तर पॅकेज होल्डवर टाका (अपग्रेडमधून वगळा), नाहीतर पुढच्या अपग्रेडमध्ये डेबियनचं ब्लूझी त्यावर येऊन बसेल. होल्ड केलं की सुरक्षेच्या दुरुस्त्यांवर लक्ष आपणच ठेवायचं. नवं मेमरी कार्डच तयार करणार असाल तर सोर्सच्या वाटेला जाऊ नका, बुलसआयनंतरच्या बुकवर्ममध्ये 5.66 आयतंच मिळतं. फक्त तिथे डेस्कटॉपवर आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओची जागा पाइपवायरने घेतली आहे, तेव्हा ऑडिओची जुनी सेटिंग नव्याने बघावी लागेल.